शोध, सुटका आणि शुश्रूषा : आहुपे खोऱ्याच्या निमित्ताने एक अभ्यास

प्रास्ताविक

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, मिळालेल्या देणग्या आणि झालेला खर्च यांचा हिशेब दिला जातो, आणि तो दिलाच पाहिजे. परंतु आमच्या नोंदवहीत ज्याचे नाव चढते, तो रुग्ण कसाबसा का होईना, दारापर्यंत पोहोचलेला असतो. जो पोहोचू शकला नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. दरड कोसळणे, वाहन दरीत जाणे, धुक्यात वाट चुकणे, ओढ्याला अकस्मात पूर येणे, अशा प्रसंगी डोंगरात अडकलेल्या माणसाला शोधणे, सुरक्षितपणे बाहेर काढणे आणि उपचारांपर्यंत आणणे या तीन गोष्टी एका साखळीच्या कड्या आहेत. त्यांपैकी एक निखळली तरी रुग्णालयातील उत्तम यंत्रे आणि निष्णात डॉक्टर उपयोगी पडत नाहीत. म्हणून रुग्णालयाच्या दाराबाहेरच्या या साखळीचा विचार आपणां सर्वांसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटले.

आहुपे खोऱ्याची ओळख

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे वसले आहे. घोड नदीचा उगम या परिसरातला. भीमाशंकर अभयारण्याचे रान, गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराई, भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि प्रामुख्याने महादेव कोळी समाजाच्या विखुरलेल्या वाड्या, असे या खोऱ्याचे रूप आहे. घोडेगावहून डिंभे येथे आले की धरणाच्या जलाशयाला वळसे घालत रस्ता वर चढू लागतो. कोरड्या दिवसांत हा प्रवास रमणीय वाटतो. जुलै महिन्यात मात्र रस्त्यावर माती येते, ओढे मोऱ्यांवरून वाहतात, वीज जाते आणि विजेपाठोपाठ मोबाईलचा संपर्कही तुटतो.

येथील आणखी एक बाब शोधकार्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आहुपे घाटाची जुनी पायवाट कड्यावरून थेट खाली, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात उतरते. कड्यावरून कोणी पडला, तर तो पडला पुणे जिल्ह्यातून आणि सापडणार ठाणे जिल्ह्यात. वरून दोर सोडणारे आणि पायथ्याच्या रानातून चढून येणारे यांच्यात पूर्वओळख नसेल, तर अर्धा दिवस केवळ निरोप पोहोचविण्यात जातो.

माळीणने शिकविलेले धडे

याच खोऱ्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला. चाळीसहून अधिक घरे काही क्षणांत गाडली गेली आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवस भाताच्या आवणीचे होते आणि संततधार पाऊस चालू होता. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावाच्या जागी चिखलाचा ढिगारा दिसला आणि त्याच्यामार्फत ही वार्ता बाहेर गेली. आसपासच्या गावांतील माणसे धावून आली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, पोलीस, महसूल व आरोग्य खात्यांचे कर्मचारी आणि स्वयंसेवक यांनी भर पावसात सुमारे आठवडाभर शोधकार्य केले. जिवंत हाती लागले ते अगदी मोजके. त्यांत एक माता आणि तिचे तान्हे बाळ होते. पुढे आमडे येथे नवे गाव उभारण्यात आले आणि २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले.

या घटनेकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहता तीन गोष्टी ठळकपणे दिसतात.

पहिली गोष्ट वार्तेची. ज्या गावावर संपूर्ण संकट कोसळते, तेथे संकटाची खबर देणारा उरत नाही. खबर शेजारच्या गावाने किंवा वाटसरूने द्यावी लागते. त्यामुळे शेजारच्या वाडीने सकाळ-संध्याकाळ हाक देऊन विचारपूस करण्याची साधी पद्धत हीदेखील आपत्ती व्यवस्थापनाचाच भाग ठरते.

दुसरी गोष्ट वेळेची. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यातच, तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. तरीही निरोप मिळणे, साहित्य चढविणे, चाकण, राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव असा प्रवास आणि पुढचा घाटरस्ता यांस पावसाळ्यात काही तास लागणारच. भूकंपात कोसळलेल्या इमारतीत स्लॅब आणि तुळया यांच्यामध्ये पोकळ्या राहतात व तेथे माणूस पुष्कळ काळ तग धरू शकतो. ओल्या चिखलाच्या दरडीत अशा पोकळ्या फार थोड्या असतात. म्हणजे जेथे पथकाला पोहोचण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो, तेथेच अडकलेल्या माणसाजवळ सर्वांत कमी वेळ असतो.

तिसरी गोष्ट मोजणीची. गावात त्या क्षणी नेमकी किती माणसे होती, हे सांगणे दुर्घटनेनंतर अत्यंत अवघड असते. कोणी मजुरीसाठी नारायणगाव-मंचरकडे गेलेला असतो, कोणी मुंबईला असतो, कोणी पाहुणा म्हणून आदल्या रात्री आलेला असतो. मतदार यादी किंवा शिधापत्रिका यांवरून हे कळत नाही. किती जणांना शोधायचे हे ठाऊक नसेल, तर शोध कोठे करावा आणि केव्हा थांबवावा, हे दोन्ही निर्णय अंधारात घ्यावे लागतात.

इर्शाळवाडीने घातलेली भर

माळीणनंतर नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. बचाव पथकांना निसरड्या पायवाटेने, अंधारात आणि पावसात तासाहून अधिक चढण चढावी लागली. मातीउपशाची यंत्रे वर नेता आली नाहीत, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही आणि खोदकाम बहुतांशी फावडी, घमेली व हात यांनीच झाले. चढावर एका अग्निशमन अधिकाऱ्याचे हृदयविकाराने निधन झाले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. यातून मिळणारा बोध असा की यादी आवश्यक आहे, परंतु यादीत नाव नाही म्हणून गावाने निश्चिंत राहू नये. डोंगर स्वतःही काही खुणा देतो. उतारावर किंवा अंगणात नव्या भेगा पडणे, झाडे व खांब एका बाजूस कलणे, घराची दारे अचानक घट्ट बसणे, जेथे कधी पाणी नव्हते तेथे झरा फुटणे, वाहत्या झऱ्याचे पाणी गढूळ होणे किंवा एकाएकी आटणे, जमिनीतून घरघर ऐकू येणे, या त्या खुणा होत. सतत पडणाऱ्या पावसाचे पाणी मुरमाच्या आणि मातीच्या थरात साठते, त्याचा दाब वाढतो, मातीचे कण एकमेकांना धरून ठेवण्यास असमर्थ होतात आणि संपूर्ण थर खालच्या कातळावरून घसरतो. म्हणून केवळ आजचा पाऊस न पाहता गेल्या तीन-चार दिवसांची बेरीज पाहावी लागते. अशी खूण दिसताच रात्र उजाडण्याची वाट न पाहता घर सोडावे. ज्याने वेळेवर घर सोडले, त्याच्यासाठी पथकाला शोध घ्यावा लागत नाही.

सांघिक कार्य : अनेक हात, एक सूत्र

दुर्घटनास्थळी माणसांची वाण सहसा पडत नाही. वाण पडते ती सूत्रबद्धतेची. ढिगाऱ्यावर पाचशे माणसे चढली, तर त्यांच्याच वजनाने खालची पोकळी दबते, आवाजामुळे आतली हाक ऐकू येत नाही आणि वाहनांच्या गर्दीत रुग्णवाहिका अडकते. १९८५ मध्ये मेक्सिको शहरातील भूकंपानंतर सामान्य नागरिकांनीच बचाव पथके उभारली आणि वर उचललेली मूठ म्हणजे ‘सर्वांनी गप्प व्हा, आतून आवाज येतो आहे’ ही खूण तेथे रूढ झाली. सर्व यंत्रे थांबवून, सर्वांनी श्वास रोखून ऐकण्याचा असा शांततेचा काळ आज जगभरातील पथके ठरावीक अंतराने पाळतात. त्यासाठी पैसा लागत नाही. एकाचा शब्द सर्वांनी मानण्याची सवय मात्र लागते.

आपल्या देशात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा स्तरावर प्राधिकरण निर्माण केले आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांचे सार सोपे आहे. घटनास्थळी एकच प्रमुख असावा, प्रत्येक व्यक्तीला आपण कोणाला उत्तरदायी आहोत हे ठाऊक असावे, आणि शोध, वैद्यकीय मदत, साहित्य व माहिती ही कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे असावीत. गावपातळीवर याचा अर्थ असा की अधिकारी येईपर्यंत पोलीस पाटलांनी किंवा गावाने आधीच ठरविलेल्या व्यक्तीने सूत्रे हाती घ्यावीत, आशाताईंनी जखमींकडे पाहावे, शिक्षक किंवा ग्रामसेवक यांनी यादी धरावी आणि दोन तरुणांनी केवळ रस्ता मोकळा ठेवावा. अधिकारी आल्यावर सूत्रे त्यांच्या हाती देताना पाच मिनिटांत सांगता येतील अशा चार गोष्टी तयार असाव्यात : काय घडले, किती जण सापडले, किती जण नाहीत, आणि आणखी धोका कोठे आहे.

गिर्यारोहण संस्थांचे कार्य येथे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था आणि महाराष्ट्रातील गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्र यांच्या स्वयंसेवकांनी दोर, स्ट्रेचर आणि कडे उतरण्याचे कौशल्य अनेक प्रसंगी विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. कड्याचे ज्ञान गिर्यारोहकाजवळ असते, वाटेचे ज्ञान स्थानिक गुराख्याजवळ आणि देहाचे ज्ञान वैद्यकीय कर्मचाऱ्याजवळ. तिघांची गाठ प्रथमच दुर्घटनेच्या दिवशी पडू नये.

नियोजन : कोरड्या महिन्यांतील काम

नियोजन म्हणजे जाडजूड पुस्तिका नव्हे. आहुपे खोऱ्यातील एखाद्या वाडीला पुरेसे पडेल असे नियोजन एका पाठपोट कागदावर मावते. आमच्या मते त्यात पुढील बाबी असाव्यात.

एक, वस्तीची यादी. प्रत्येक घरात रात्री कोण झोपते, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोण गरोदर आहे, याची यादी आशाताई व अंगणवाडीताई यांच्या मदतीने पावसाळ्यापूर्वी तयार व्हावी आणि दर पंधरवड्यास तपासली जावी. तिची एक प्रत शेजारच्या गावात असावी. गावाबरोबर यादीही गाडली गेली, तर तिचा उपयोग काय?

दोन, जमण्याची जागा. शाळा किंवा मंदिर सोयीचे असले, तरी ते उताराच्या वाटेत नाही याची खात्री जाणकारांकडून करून घ्यावी.

तीन, साहित्य. फावडी, पहारी, दोर, विजेऱ्या, शिट्ट्या, ताडपत्री, घोंगड्या आणि दोन पक्के स्ट्रेचर एका ठरलेल्या ठिकाणी असावेत व किल्ली कोणाकडे आहे, हे सर्वांना माहीत असावे.

चार, वाट. मुख्य रस्ता बंद झाल्यास दुसरी वाट कोणती, रुग्णवाहिका कोठपर्यंत येते आणि तेथवर रुग्णाला उचलून आणण्यास किती माणसे लागतात, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. झोळी किंवा डोली चढउतारावर वाहताना खांदेकरी वरचेवर बदलावे लागतात, म्हणून चौघांच्या किमान दोन जोड्या हव्यात.

पाच, रंगीत तालीम. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ती व्हावी आणि शक्य तर अंधार पडल्यावर व्हावी. माळीणची दरड सकाळची होती, इर्शाळवाडीची रात्रीची. संकट सोयीची वेळ पाहून येत नाही.

तंत्रज्ञान : उपयोग आणि मर्यादा

तंत्रज्ञानाने पुष्कळ साध्य झाले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार केले आहेत. स्वयंचलित पर्जन्यमापक यंत्रांमुळे मंडलनिहाय पाऊस कळतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. एका दूरध्वनीवरून संपूर्ण गावाला एकाच वेळी निरोप देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा पुणे जिल्ह्यातही वापरात आली आहे. ढिगाऱ्याखालील हालचाल व आवाज टिपणारी यंत्रे, नळीच्या टोकाचे कॅमेरे, प्रशिक्षित श्वान आणि ड्रोन यांनी शोधाचा वेग वाढविला आहे.

तथापि प्रत्येक साधनाची मर्यादा जाणून घेतली पाहिजे. ड्रोनला पाऊस आणि धुके मानवत नाहीत, आणि आहुप्याच्या कड्यावर पावसाळ्यात या दोहोंचीच वस्ती असते. जमिनीत डोकावणाऱ्या रडारच्या लहरी ओल्या चिकणमातीत शोषल्या जातात. आवाज टिपणाऱ्या यंत्रास शांतता लागते. श्वान काही वेळाने थकतो आणि त्याच्या जागी दुसरा आणावा लागतो. बिनतारी संचाचा आवाज डोंगरसोंडेच्या पलीकडे जात नाही, म्हणून सोंडेवर निरोप पुढे देणारा माणूस उभा करावा लागतो. वीज गेल्यावर मोबाईलचा मनोरा बॅटरी संपेपर्यंतच चालतो. यावरून तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. तयारी असलेल्या पथकाच्या हाती यंत्र आले की त्याची दृष्टी व श्रवण वाढते. तयारी नसलेल्यांच्या हाती ते केवळ एक अवजड पेटी ठरते.

वैद्यकीय बाजू : ढिगाऱ्यापासून दारापर्यंत

बाहेर काढले म्हणजे वाचविले, असा सार्वत्रिक समज आहे. तो धोकादायक आहे. ज्याचा पाय वा मांडी बराच काळ दगडाखाली चिरडली गेली आहे, तो माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. दगड हटविताच मात्र चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे घटक एकदम रक्तात उतरतात. पहिल्याने हृदयाची गती बिघडते, दुसऱ्याने मूत्रपिंडे निकामी होतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बाँबवर्षावातील जखमींचा अभ्यास करून डॉ. एरिक बायवॉटर्स व त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ मध्ये या विकाराचे वर्णन केले. यावर उपाय असा की शक्य असेल तेथे दगड हटविण्यापूर्वीच शिरेतून सलाईन सुरू करावे आणि रुग्णाला डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. म्हणजेच डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका ढिगाऱ्यापाशी असणे ही चैन नसून गरज आहे.

सर्वसामान्य माणसालाही पुष्कळ करता येते. नाका-तोंडातील चिखल काढून श्वासमार्ग मोकळा करावा. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मान व पाठ न वाकवता, अनेक हातांनी एकाच वेळी उचलून रुग्णाला सपाट फळीवर घ्यावे. ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे, कारण भर पावसात शरीराचे तापमान उतरणे हेही मृत्यूचे कारण होते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला चहा किंवा पाणी पाजू नये.

जखमी अनेक आणि डॉक्टर थोडे असतील, तेव्हा प्राधान्य ठरवावे लागते. तातडीने उपचार हवेत त्यांना लाल, थोडे थांबू शकतील त्यांना पिवळी, चालू शकतील त्यांना हिरवी आणि ज्यांची प्राणज्योत मालवली आहे त्यांना काळी पट्टी बांधतात. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तोच सर्वांत गंभीर असतो असे नाही. पुष्कळदा गप्प पडलेल्यालाच प्रथम हात लावावा लागतो. रुग्णांच्या नातेवाईकांनी हे समजून घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. आपल्या माणसाला थांबविले, तर ती उपेक्षा नसते.

रुग्णालयाच्या दारातही नियोजन हवे. घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि धर्मादाय रुग्णालये यांनी कोणत्या प्रकारचे रुग्ण कोठे न्यावेत, हे आधी ठरविल्यास सर्व जखमी एकाच दारात येत नाहीत. दाखल झालेल्यांची यादी दर तासाला मराठीत, मोठ्या अक्षरांत लावल्यास नातेवाईकांची वणवण टळते. रक्तदात्यांनी एकाच दिवशी रांग न लावता रक्तगटानुसार बोलावणे येईपर्यंत थांबावे. आणि ज्यांनी आपले सारे कुटुंब गमावले, तसेच ज्यांनी आपल्या हातांनी मृतदेह बाहेर काढले, त्या दोघांनाही पुढील अनेक महिने मानसिक आधाराची गरज असते, हे विसरता येत नाही.

देणगीदार व विश्वस्त यांस निवेदन

रुग्णवाहिकेवर देणगीदाराचे नाव लिहिता येते. रंगीत तालमीवर, बॅटरीच्या वेळेवर झालेल्या बदलीवर किंवा आशाताईंच्या प्रशिक्षणावर ते लिहिता येत नाही. त्यामुळे दृश्य वस्तूंसाठी निधी लवकर उभा राहतो आणि सातत्याच्या कामांसाठी तो कमी पडतो. या अभ्यासावरून आमचे मत असे झाले आहे की आहुपे खोऱ्यासारख्या भागात मोठ्या यंत्रापेक्षा वाडीनिहाय साहित्यपेटी, दरवर्षीचे प्रथमोपचार प्रशिक्षण आणि वस्तीच्या याद्या अद्ययावत ठेवणे यांवर केलेला खर्च अधिक प्राण वाचवू शकेल. विश्वस्तांनी अंदाजपत्रकात या बाबींसाठी स्वतंत्र, छोटी परंतु कायमस्वरूपी तरतूद ठेवण्याचा विचार करावा, ही विनंती.

समारोप

बचाव पथक घटनास्थळी कितीही तत्परतेने पोहोचले, तरी पहिला हात शेजाऱ्याचाच असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, तेव्हाही प्रथम धावले ते शेजारचेच. त्या हातात कौशल्य, फावडे आणि यादी असावी, त्याच्या मागे एका सूत्राने चालणारे पथक असावे आणि त्या पथकाच्या मागे सज्ज रुग्णालय असावे, एवढीच या लेखाची मागणी आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी आहुपे खोऱ्यातील जेवढ्या वाड्यांत हे घडेल, तेवढ्या वाड्यांपुरती ही साखळी पूर्ण होईल.